पाण्यावर कोण?

साळूला पाखरांचा राग होता असं म्हटलं तर तुम्ही हसाल. हसा. पण ज्या पोरीच्या शाळेतल्या बक्षीस समारंभाला बाप चिखलानं माखलेले बूट घालून येतो, आणि तोही बक्षिसं वाटून खुर्च्या उचलायला लागल्यावर, तिचा पाखरांवर जीव जडावा तरी कसा? तिचं खरं नावसुद्धा त्यानं टिकू दिलं नव्हतं. लहानपणी फार बडबडायची म्हणून तो तिला साळुंकी म्हणायला लागला, साळुंकीची साळू झाली, आणि आता ती काम करायची त्या औषधांच्या दुकानात गिऱ्हाइकंसुद्धा तिला साळूताईच म्हणत.

बाप बायकांचे कपडे शिवणारा टेलर. चौकात अरुंद दुकान, आत एक मशीन, भिंतीला आरसा, आणि दारात गिऱ्हाइकांसाठी एक लाकडी स्टूल. शेजारी घड्याळवाला. या घड्याळवाल्यानं दोन दुकानांच्या मधल्या खांबाला लव्हबर्ड्सचा पिंजरा टांगलेला होता, आणि त्यावरून दोघांची रोज एकदा तरी जुंपायची.

"पाखरू बघायचं असेल तर माणसानं त्याच्या घरी जावं," टेलर म्हणायचा, "त्याला धरून आपल्या घरी आणू नये."

"तुमचं पटतं हो," घड्याळवाला डोळ्याचं भिंगसुद्धा न काढता म्हणायचा, "पण माझी पाखरं मला चिखलात लोळायला लावत नाहीत."

असं सगळं बरं चाललं होतं. मग टेलरची नजर जायला लागली.

डावा डोळा आधी गेला. माणसानं घरी कळू दिलं नाही. एका डोळ्यावर सुई ओवत राहिला. मग उजव्यातही मधोमध काळा डाग आला. ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं नाहीसं व्हायचं, आणि आजूबाजूचं सगळं दिसत राहायचं. एका बाईच्या ब्लाउजला त्यानं दोन्ही बाह्या एकाच बाजूच्या लावल्या, तेव्हा कुठं साळूला कळलं. ती त्याला धरून डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर सरळ बोलणारे होते. ऑपरेशन करू म्हणाले, पण खात्री देत नाही म्हणाले. नजर वाचेल, नाहीतर आहे तेवढीही जाईल. काही न करता बसलात तर ती जाणारच आहे.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी जेवता जेवता टेलर म्हणाला, "साळू, आज उधाण आहे."

"असू दे की."

"मला खाडीवर ने. एकदाच. उद्या डोळ्याला पट्टी बांधतील, मग काय दिसेल न दिसेल. मोठा थवा एकदा बघू दे मला."

साळूनं हातातला घास ताटात ठेवला. आयुष्यभर ज्या पाखरांच्या नावानं तिनं बोटं मोडली, त्यांच्यासाठी ती त्या दिवशी अर्धी सुट्टी टाकून निघाली. एवढंच तिचं काम होतं. बापाला न्यायचं, थवा दाखवायचा, अंधार पडायच्या आत परत आणायचं.

आता पोस्टमास्तरांबद्दल सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

पोस्टमास्तर म्हणजे टेलरचे जिवलग. लोक त्यांना दोघे वेडे म्हणायचे, ते दोघे बाकीच्यांना आंधळे म्हणायचे. पोस्टमास्तर उंच, सडपातळ, कायम अंगाला लाखेचा वास. पार्सलांना लाखेचे शिक्के मारून मारून तो वास त्यांच्या कपड्यांतच मुरला होता. टेलर सांगायचा की बाकी कुणी चिखलात उतरलं की पाखरं भुर्रकन उडतात, पण मास्तर उतरले की पाखरं उडत नाहीत. नुसती दोन पावलं सरकतात आणि वाट देतात. बाजारात ओळखीचा माणूस आला की आपण जरा बाजूला होतो ना, तशी. "मला बघून उडतात," टेलर कुरकुरायचा, "आणि याला बघून सरकतात. काय पाप केलंय मी!"

खाडीच्या टोकाला एक लांबच लांब बांध जातो आणि त्या बांधाच्या शेवटी फळ्यांची एक खोली आहे. समोरच्या भिंतीला डोळ्यांच्या उंचीवर आडवी फट. आत बसायचं, फटीतून दुर्बीण लावायची, बोलायचं नाही. पाखरं समोर, पण भरतीचं पाणी येतं मागून. आणि दुर्बिणीला डोळा लावलेल्या माणसाला मागचं जग उरत नाही, हे त्या दोघांना चांगलं माहीत होतं. म्हणून त्यांनी एक रीत पाडली होती. एकानं पाखरांवर बसायचं, एकानं पाण्यावर. बाकावर टेकल्या टेकल्या पोस्टमास्तर पहिला प्रश्न तोच करायचे. "पाण्यावर कोण?" आणि ज्याची पाळी असेल तो म्हणायचा, "मी आहे." मगच दुर्बिणीचं झाकण निघायचं.

टेलरच्या नजरेची कुरकुर सुरू झाली तेव्हा पोस्टमास्तरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली होती. "घाबरता काय टेलर? गेली नजर तर गेली. मी शेजारी बसेन आणि काय दिसतंय ते सगळं सांगत जाईन. फुकटात दुर्बीण!"

पण झालं भलतंच. गेल्या हिवाळ्यात, अशाच एका उधाणाच्या दिवशी, टेलर घरी न सांगता डोळे तपासायला गेला होता. पोस्टमास्तर एकटेच खाडीवर गेले. संध्याकाळी त्यांची सायकल बांधाच्या सुरुवातीच्या फाटकाला टेकलेली सापडली. दुर्बीण खोलीत स्टँडवर जशीच्या तशी उभी होती, तोंड फटीकडे. माणूस कुठंच नव्हता. होड्या फिरल्या, गळ टाकले, चिखलात बांबू खुपसून पाहिले. काही म्हणजे काही मिळालं नाही.

"त्या दिवशी पाण्यावर कोणी नव्हतं," टेलर एवढंच म्हणाला. त्यानंतर त्यानं तो विषय काढला नाही आणि खाडीवरही गेला नाही.

तर त्या दिवशी दुपार कलल्यावर दोघं फाटकाशी पोचली. रखवालदारानं टेलरला ओळखलं, आणि त्याचे डोळे बघून त्याचा चेहरा उतरला.

"जा, पण पाणी चढायच्या आत फिरा," तो साळूला म्हणाला. "उधाण मोठं आहे. आणि बांध सोडायचा नाही. दोन्ही बाजूंना माणूस मानेपर्यंत जातो. ताई, लक्ष तुम्ही ठेवायचं."

"ठेवते," साळू म्हणाली, आणि त्याचा फोन नंबर घेतला.

बांध जेमतेम दोन माणसं जातील एवढा. टेलरचा हात साळूच्या खांद्यावर. वारा पडलेला, आभाळ स्वच्छ, थंडी बेताची. खारट चिखलाचा सडका वास आधी नाकात बसला आणि मग वास येतोय हेच कळेना. चिखल दूरवर पसरलेला, ओला, चकचकीत, आणि त्यावर कुठंतरी लांब काळे ठिपके. साळूला वाटलं, एवढंच? याच्यासाठी बाप आयुष्यभर बूट माखत होता?

खोलीत शिरल्यावर टेलरनं आधी हातानं बाक चाचपला. दोन माणसं बसून बसून बाकाला दोन गुळगुळीत खळगे पडले होते. तो आपल्या खळग्यात बसला, आणि शेजारचा मोकळा ठेवून साळूला पलीकडे बसायची खूण केली. तिनं दुर्बीण लावून दिली. तो एक क्षण थांबला, आणि जुन्या सवयीनं त्याच्या तोंडून गेलं, "पाण्यावर कोण?"

 टेलरचा हात शेजारच्या रिकाम्या खळग्यावर गेला.

"मी आहे," साळू घाईनं म्हणाली. "मी आहे ना बाबा. तुम्ही बघा तुमची पाखरं."

आणि तिनं खरंच लक्ष ठेवलं. मागच्या दारातून बांध दिसत होता. पाणी ओहोळाओहोळांतून आवाज न करता आत येत होतं. चिखलाच्या भेगा भरल्या, मग खळगे भरले, मग लहान लहान बेटं उरली. तिला पाणी चढताना दिसायचं नाही. एवढंच कळायचं, की मघाचा दगड आता नाही.

मग आवाज सुरू झाला.

आधी वाटलं वारा सुटला. पण वारा नव्हता. पाणी चढू लागलं तशी लांबलांबच्या चिखलावरची सगळी पाखरं उठली होती आणि इकडे येत होती. हजारो पंखांचा तो आवाज अंगावरून गेला तेव्हा फळ्या थरथरल्या. एक लाट उतरली, तिच्यामागे दुसरी. चिखल्या आले, तुतवार आले, लांब लाल पायांचे शेकाटे आले, पांढरे कुरव आले. खोलीसमोरच्या उंचवट्यावर त्यांनी एवढी दाटी केली की जमीन दिसेना. आणि बाकीची आभाळातच. सगळा थवा एकदम वळायचा. वळला की पांढरा, पुन्हा वळला की काळा, आणि मधे एक क्षण असा, की आभाळात काहीच नाही.

"साळू, बघ," टेलर कुजबुजला. तो मान तिरकी करून बघत होता, कारण सरळ बघितलं की डाग आड यायचा. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "एकदा तरी बघ ग. मी सांगून तुला कळायचं नाही."

तिनं दुर्बिणीला डोळा लावला. पहिल्यांदाच, आयुष्यात पहिल्यांदा. एक लहानसा चिखल्या भिंगात आला, मुठीत मावेल एवढा. छाती धडधडताना दिसत होती. पापणी मिटली, उघडली. त्याच्या मागे दुसरा, त्याच्या मागे तिसरा, कुठवर बघावं! हे जीव समुद्रावरून उडत आले आणि आपल्या बापासमोर उतरले, आणि बाप दर रविवारी हे बघायला येत होता, आणि आपण त्याच्या बुटांवरून त्याला बोलत होतो. साळूला रडू आलं. लाज वाटली, आनंद झाला, सगळं एकदम. तिनं डोळा भिंगावरून काढलाच नाही.

तुमच्या लक्षात आलं असेल काय झालं ते. पाण्यावर कोणी उरलं नव्हतं.

किती वेळ गेला तिला कळलं नाही. उन्हाचा रंग तांबूस झाला. मग टेलर अगदी हळू म्हणाला, "साळू... माझा डाग आज जागचा हलतोय."

"म्हणजे?"

"डाग कसा, मी बघेन तिकडं जातो. आता मी मान हलवत नाहीये... आणि तो हलतोय. थव्यात. उजवीकडच्या खुंटाजवळ बघ. तिथं भोक दिसतंय मला."

तिनं दुर्बीण खुंटाकडे वळवली. आणि तिलाही दिसलं.

पाखरांच्या त्या गर्दीत एक गोल जागा रिकामी होती. एक माणूस हात जरा पसरून उभा राहील एवढी. आत नुसता ओला चिखल. कडेची पाखरं त्या जागेकडे तोंड करून उभी होती, शांत. आणि ती जागा सरकत होती. पुढची पाखरं दोन पावलं बाजूला व्हायची, मागची पुन्हा जागा भरून टाकायची. एकही पाखरू उडत नव्हतं.

"दिसतंय, बाबा," ती म्हणाली. "मलाही दिसतंय."

टेलरनं तिचं मनगट धरलं.

"ससाणा असता तर सगळी वर उडाली असती," तो पुटपुटला. "कुत्रं असतं तर एका अंगाला पळाली असती. ही नुसती... वाट देतायत."

बापाच्या मनात काय आलं ते साळूला कळलं. ती जागा सावकाश, थांबत थांबत, खोलीकडे येत होती. मधेच थांबायची, जशी कुणी आजूबाजूला न्याहाळतंय. पुन्हा निघायची. अखेर ती फटीच्या समोर येऊन थांबली, हात लांब केला तर लागेल इतकी जवळ. रिकाम्या जागेतल्या चिखलात पाऊल नव्हतं, सावली नव्हती. पण खोलीतला खारट वास एकाएकी मागे हटला आणि जळलेल्या लाखेचा वास आला.

"मास्तर?" टेलर म्हणाला.

समोर एवढी हजारो पाखरं, पण एकाचीही चोच हलत नव्हती. बाकावरच्या मधल्या रिकाम्या खळग्याजवळची फळी करकरली, एवढंच. आणि साळूच्या पायांना गार लागलं.

तिनं खाली बघितलं. फळ्यांच्या सांध्यांतून पाणी वर येत होतं. ती झटकन मागे वळली. दारातून बांध दिसत नव्हता. बांधच नव्हता. इकडे पाणी, तिकडे पाणी, सगळं एकसारखं तांबूस, सपाट, आणि पलीकडे फार लांब रखवालदाराच्या चौकीचा दिवा.

"बाबा... मी पाण्यावर होते," ती म्हणाली.

टेलर ओरडला नाही. रागावलाही नाही. "मास्तरांचं हेच झालं असेल," एवढंच म्हणाला.

तिनं रखवालदाराला फोन लावला. तो पलीकडून ओरडतच होता. "कुठं आहात तुम्ही? होडी काढतोय, पण ओढ फार आहे! खोलीत थांबू नका, मोठ्या उधाणात ती टिकायची नाही! बांधावरून पाय सरकवत सरकवत..." पुढचं ऐकू आलं नाही. खोलीची मागची भिंत पाण्यानं आत ढकलली आणि एक फळी सुटून वाहत गेली.

दोघं दाराबाहेर आली. पाणी घोट्याच्या वर. साळूला पोहता येत नव्हतं, आणि आलं असतं तरी चिखलात पोहणार कसं? तिनं पाय पुढे टाकून चाचपलं. बांध लागला. दुसरं पाऊल, तिसरं. थोडं पुढे गेल्यावर पाय टाकला तो खाली गेलाच, गुडघ्याच्या वर, आणि बापानं खांदा घट्ट धरला म्हणून ती सावरली. आता बांध कुठे? उजवीकडे? डावीकडे? उद्या ऑपरेशन आहे, असलं काहीतरी तिच्या डोक्यात येत होतं, जसं काही त्याला उशीर होईल.

"पाखरं कुठायत?" टेलरनं विचारलं.

"काय?"

"पाखरं, साळू. मला आता काही दिसत नाही. पाखरं काय करतायत ते सांग."

तिनं मान वर केली. उंचवटा बुडाला होता आणि पाखरं उथळ पाण्यात येऊन उभी राहिली होती. त्यांच्या चहूबाजूंना, अगदी जवळ, पाण्यावर नुसती पाखरंच पाखरं. आणि त्यांच्यात ती जागा. दोघांच्या पुढ्यात, चार हातांवर. ती सरकायला लागली. पण बांधाच्या दिशेनं नाही. डावीकडे, सरळ चिखलात.

"डावीकडे जातेय, बाबा... तिकडं तर मानेपर्यंत..."

"जागा थांबते का?"

ती थांबली होती. पाखरं वळून यांच्याकडे बघत होती.

"थांबलीय."

"मग चल," टेलर म्हणाला. "मास्तर माझ्यासाठी असेच थांबायचे. मला भरभर चालता यायचं नाही."

साळूनं डोळे मिटले आणि डावीकडे पाऊल टाकलं.

पाय टेकला. खाली काहीतरी टणक होतं, बरोबर पावलाएवढं. कडेला बोट लागलं तर तिथं नुसता मऊ, अथांग चिखल. दुसरं पाऊल टाकलं, तिथंही तेवढंच टणक. तिसरं. काय लागतंय पायाला ते तिनं बघितलं नाही. बघायची छाती झाली नाही. फक्त प्रत्येक पाऊल टेकताना ते जरासं दबायचं, आणि मग धरून ठेवायचं.

आणि त्या दोघांच्या अंगाला लागून पाखरं. तुम्ही आम्ही जन्मात बघणार नाही असं ते होतं. शेकाट्यांचे लाल पाय हाताला लागतील एवढे जवळ. मान पंखात खुपसून एका पायावर झोपलेले तुतवार, त्यांची झोपसुद्धा मोडली नाही. हजारो डोळ्यांत मावळतीचा उजेड. कुणी उडत नव्हतं. ती पुढून सरकून वाट देत होती, मागून पुन्हा मिटून घेत होती, आणि बाप-लेक त्या फिरत्या रिकाम्या जागेतून चालली होती. साळूला भीती वाटत होती आणि तिच्या तोंडून हुंदका येत होता, पण हुंदका भीतीचा नव्हता. एवढ्या जिवांनी आपल्याला आपलं मानलंय, असं काहीतरी तिला वाटत होतं, आणि ते सहन होत नव्हतं.

टेलर मात्र हसत होता. लहान पोरासारखं. "उडत नाहीत ग," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "मलाही बघून उडत नाहीत."

चौकीजवळच्या काठावर पाय लागला तेव्हा लाखेचा वास गेला. साळूनं मागे वळून बघितलं. थवा पाण्यावर सलग पसरलेला. कुठेही रिकामी जागा नव्हती.

रखवालदार होडी घेऊन बांधाच्या बाजूनं परत आला आणि यांना काठावर बघून त्याच्या हातातलं वल्हं गळून पडलं.

"तुम्ही... कुठून आलात?"

साळूनं बोट दाखवलं.

"तिकडून?" त्यानं बॅटरीचा झोत टाकला. मग त्यानं बांबू घेतला, काठावरून वाकून नेमका तिथंच खुपसला जिथून त्यांचं शेवटचं पाऊल बाहेर आलं होतं. बांबू सबंध आत गेला, तळ लागलाच नाही. "आणि बांध मधेच फुटलाय," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "बांधावरून आला असता तर..." तो चौकीत शिरला आणि त्यानं दोघांना चहा करून दिला.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. पट्टी सुटली तेव्हा साळू समोर होती. टेलरनं डोळा उघडला, पापणी मिटली, पुन्हा उघडली. मग हात पुढे करून तिचा चेहरा चाचपला, आणि तिला कळलं. ती ढसाढसा रडली. डॉक्टरही मान खाली घालून उभे राहिले.

"रडू नको," टेलर म्हणाला. "माझं बघून झालं होतं. फुकट नाही गेली नजर."

तो काही खचला नाही, याचंच लोकांना नवल वाटलं. थोड्या दिवसांनी दुकानात येऊन बसायला लागला. मशीन कारागिरावर सोडलं आणि स्वतः काजं-बटणं नुसत्या बोटांनी करायला लागला. खुर्ची त्यानं दारात घेतली, चौकाकडे तोंड करून. शेजारी ते गिऱ्हाइकांचं स्टूल.

एके दिवशी दुपारी साळू त्याचा डबा घेऊन आली. चौकात कबुतरं दाणे टिपत होती. बाप पाठमोरा होता, आणि हळू आवाजात काहीतरी बोलत होता. ती दोन पावलं मागेच थांबली.

"दिव्याच्या खांबाच्या डावीकडं?... हो. पांढरं? आपल्याकडचं नाही वाटत... पायात कडं आहे म्हणता?... असं, असं..."

साळूनं चौकाकडे बघितलं. दिव्याच्या खांबाच्या डावीकडे, करड्या कबुतरांत, एक पांढरं कबूतर होतं. त्याच्या पायात कडं होतं.

तेवढ्यात घड्याळवाल्यानं तिला हाक मारली. त्याचा चेहरा वैतागलेला होता. "साळूताई, तुमच्या बाबांच्या दुकानात फवारा बिवारा मारलाय का काही? माझी पाखरं हल्ली या बाजूला येतच नाहीत. बघा ना."

तिनं पिंजऱ्याकडे बघितलं. लव्हबर्ड्स पिंजऱ्याच्या पलीकडच्या कडेला सरकून, एकमेकांना चिकटून बसले होते, आणि त्यांची तोंडं टेलरच्या दाराकडे होती. शेजारच्या स्टुलाकडे. घाबरलेले नव्हते. कुणाला तरी जागा करून दिल्यासारखे बसले होते, एवढंच.

लाखेचा वास येत होता.

साळूनं डबा खाली ठेवला. स्टुलावर बसली नाही. पायरीवर बसली, बापाच्या गुडघ्याला टेकून. त्यानं तिच्या केसांवर हात ठेवला. बराच वेळ तो मान जरा कलती करून ऐकत राहिला. मग त्याची बोटं तिच्या केसांत थबकली.

"साळू," तो म्हणाला. "मास्तर विचारतायत, पाण्यावर कोण?"

दुकान गावाच्या मधोमध. खाडी कुठल्या कुठे. चौक कोरडा ठणठणीत होता, उन्हानं फरशी तापलेली होती. पण साळूनं पिंजऱ्याकडे पाहिलं, तर लव्हबर्ड्स कडेची जागा सोडून जाळीला धरत धरत वर चढत होते. पार छताला जाऊन बिलगले. आणि चौकातली कबुतरं दाणे तसेच टाकून एकेक करून गच्च्यांवर जाऊन बसत होती.

"मी आहे, मास्तरकाका," ती म्हणाली. "या वेळी मी आहे."

आणि तिनं बापाचा हात घट्ट धरला, चौकाकडे पाठ केली, आणि खाडीच्या दिशेनं उतरणाऱ्या गल्लीकडे तोंड करून बसली.